डिकीवरचा एच

गाडीवरचं चिन्ह काढणं फारसं अवघड नसतं. केस वाळवायच्या ड्रायरने तेवढा भाग गरम करायचा, दात साफ करायचा बारीक दोरा चिन्हाच्या मागे सरकवायचा आणि दोन्ही हातांनी मागेपुढे ओढत खाली आणायचा. चिकटपट्टी हळूहळू सुटते, अक्षर हातात येतं. राहिलेला डिंक अंगठ्याने चोळून काढायचा, वर स्पिरिटचा बोळा फिरवायचा. गाडी नवी असेल तर तिथे कधी काही होतं याचा मागमूस उरत नाही. जुनी असेल तर आजूबाजूचा रंग उन्हाने उतरलेला असतो आणि काढलेल्या अक्षराचा आकार पत्र्यावर दिसत राहतो.

२००८ साली ह्युंदाईने अमेरिकेत ‘जेनेसिस’ नावाची मोठी सेडान विकायला काढली, तेव्हा तिथल्या काही मालकांनी नवीकोरी गाडी घरी आणून पहिला हाच उद्योग केला. डिकीवरचा ह्युंदाईचा तिरका ‘एच’ उचकटला आणि त्या जागी कोरियातून मागवलेलं पंखांचं चिन्ह बसवलं. कंपनीलाही हे आधीच उमगलं असावं. गाडीच्या पुढच्या जाळीवर ह्युंदाईने मुळात कुठलंच चिन्ह ठेवलं नव्हतं. समोरून येणाऱ्याला गाडी कुणाची ते कळू नये, मागून येणाऱ्याला कळलं तर कळो, अशी ती तडजोड. घरच्या बाजारात, कोरियात, हीच गाडी पंख मिरवत फिरत होती.

गाडीत खोट काढायला जागा नव्हती. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना, हवं तर आठ सिलिंडरचं इंजिन, आतली बैठक ऐसपैस आणि किंमत तेहेतीस हजार डॉलरपासून. एवढ्या आकाराची जर्मन गाडी घ्यायची तर कितीतरी जास्त मोजावे लागत. जानेवारी २००९ मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात तिला उत्तर अमेरिकेतली त्या वर्षीची सर्वोत्तम गाडी म्हणून गौरवलं गेलं. गाडीत सगळं होतं. लाज वाटत होती ती तिच्या घराण्याची.

ही लाज कुठून आली, ते पाहायला बावीस वर्षं मागे जावं लागतं.

ह्युंदाई मोटरची स्थापना १९६७ ची. संस्थापक चुंग जू-युंग हा बांधकाम धंद्यातला माणूस. पहिली स्वतःची म्हणावी अशी गाडी, ‘पोनी’, आली १९७५ मध्ये. तिचा आराखडा इटलीच्या जॉर्जेत्तो जुजारोचा आणि इंजिन मित्सुबिशीचं. त्यानंतर जेमतेम दहा-अकरा वर्षांत, १९८६ मध्ये, ही कंपनी ‘एक्सेल’ घेऊन अमेरिकेत उतरली. किंमत ४,९९५ डॉलर. एवढ्या पैशांत तिथे बरी सेकंडहँड गाडी यायची आणि ह्युंदाई नवी देत होती. पहिल्याच वर्षी १,६८,८८२ गाड्या खपल्या. अमेरिकेत पहिल्यांदा दुकान मांडणाऱ्या परदेशी कंपनीच्या दृष्टीने तो विक्रमच होता. पुढच्या वर्षी आकडा अडीच लाखांच्या वर गेला.

मग गाड्या जुन्या व्हायला लागल्या. चांगली गाडी जुनी व्हायला जेवढा वेळ घेते त्याच्या निम्म्या वेळातच एक्सेल जुनी झाली. पत्र्याला गंज, गिअरबॉक्सच्या तक्रारी, आतली प्लास्टिकं निखळणं असं सुरू झालं. ही गाडी घेणारे बहुतेक पहिल्यांदाच नवी गाडी घेणारे, हातावर पोट असलेले, कर्जाच्या हप्त्यांवर चालणारे. दोन-तीन वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं की बाजारात गाडीला जेवढे पैसे येतात त्याहून जास्त कर्ज अजून डोक्यावर आहे. मग हप्ते थकले, जप्त झालेल्या गाड्या बाजारात आल्या आणि भाव आणखी कोसळला. गाडीची अब्रू शोरूममध्ये ठरत नाही, जुन्या बाजारात ठरते, हे आपल्याकडच्या कुठल्याही एजंटाला सांगावं लागत नाही. ह्युंदाईला ते अमेरिकेत शिकावं लागलं आणि त्याची फी जबर होती.

तक्रारीपाठोपाठ विनोद आले. डेव्हिड लेटरमनच्या रात्रीच्या कार्यक्रमात अंतराळवीरांच्या खोड्यांची यादी निघाली, तर तीत यानाच्या पॅनेलवर ह्युंदाईचा लोगो चिकटवायची खोडीही होती. मला वाटतं, धंद्यात तक्रारीपेक्षा विनोद जास्त घातक. तक्रार गाडीच्या मालकाची असते, गाडी दुरुस्त झाली की ती मिटते. विनोद ज्याने ती गाडी कधी चालवलेली नाही त्याच्याही तोंडी असतो आणि तो दुरुस्त करायला कुठलंही गॅरेज नाही. १९९८ पर्यंत ह्युंदाईचा अमेरिकेतला खप नव्वद हजारांच्या आसपास घसरला. गाशा गुंडाळून परत जावं, असं वाटावं एवढी ती घसरण होती.

त्याच सुमाराला सूत्रं संस्थापकांचा मुलगा चुंग माँग-कू याच्या हाती आली. या माणसाच्या उमेदवारीचा बराच काळ विक्रीनंतरच्या सेवेत, म्हणजे तक्रारी आणि दुरुस्त्या यांत गेला होता. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. गाडी विकणाऱ्याला गाडीची फक्त चांगली बाजू ठाऊक असते. दुरुस्त करणारा तिला पोटातून ओळखतो. ह्युंदाईने अमेरिकेत इंजिन आणि गिअरबॉक्सवर दहा वर्षं किंवा एक लाख मैल अशी वॉरंटी जाहीर केली. बघणाऱ्यांना तो वेडेपणा वाटला. पण त्या वॉरंटीचा खरा धाक कारखान्याला होता. यापुढे उल्सानच्या कारखान्यात जो नटबोल्ट सैल राहील त्याचं बिल दहा वर्षं कंपनीच्याच खिशातून जाणार होतं. दर्जा सुधारा असं सांगून काम होत नाही तेव्हा दर्जा न सुधारणं परवडणार नाही अशी सोय करावी लागते. २००४ मध्ये जे. डी. पॉवरच्या नव्या गाड्यांच्या दर्जा-पाहणीत ह्युंदाई होंडाच्या बरोबरीला येऊन बसली. २०१० मध्ये समूहाच्या पोलाद कंपनीची पहिली झोतभट्टी दांगजिनला पेटली. गाडीचा पत्राही आता घरचा.

मंदीत तर त्यांनी आणखी एक चाल खेळली. जानेवारी २००९ मध्ये त्यांनी जाहीर केलं की गाडी घेतल्यावर वर्षभरात नोकरी गेली तर गाडी परत आणून द्या. डेट्रॉइटच्या कंपन्या सरकारच्या दारात हात पसरून उभ्या असताना ह्युंदाई गिऱ्हाइकाच्या भीतीवर फुंकर घालत होती. गरीब घरातून वर आलेल्या माणसाला गिऱ्हाइकाची भीती ओळखू येते, असं म्हणायचा मोह होतो. खरं तर तो चोख हिशेब होता: गाडी परत आणणारे फार थोडे निघणार आणि धीर येऊन गाडी घेणारे पुष्कळ.

एवढं सगळं झालं तरी डिकीवरचा एच उचकटला जातच होता.

वेगळं नाव घेऊन श्रीमंतांच्या दारात जायचा रस्ता पहिल्यांदा चालून दाखवला तो जपान्यांनी आणि तोही अमेरिकेच्या कृपेने. १९८१ पासून जपानी गाड्यांच्या निर्यातीवर वर्षाला १६.८ लाखांची मर्यादा घालून घेणं जपानला भाग पडलं. विकायच्या गाड्यांची संख्या बांधलेली असेल तर शहाणा व्यापारी काय करील? प्रत्येक गाडी जास्त महाग विकील. त्यातून होंडाने १९८६ मध्ये ‘अ‍ॅक्युरा’ काढली आणि टोयोटाने १९८९ मध्ये ‘लेक्सस’. टोयोटाने या गाडीसाठी सहा वर्षं आणि एक अब्ज डॉलरच्या आसपास पैसा ओतला, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गाडीवर, कागदपत्रांवर, शोरूमच्या पाटीवर टोयोटाचं नाव कुठेही येऊ दिलं नाही.

लेक्ससची खरी परीक्षा मात्र विक्री सुरू झाल्यावर तीन महिन्यांतच झाली. दोन गिऱ्हाइकांनी तक्रार केली. मागचा तिसरा ब्रेकदिवा आणि गाडीचा वेग आपोआप कायम ठेवणारी यंत्रणा यांत दोष होता. तोवर विकलेल्या गाड्या होत्या आठ हजार. कंपनीने त्या सगळ्या दुरुस्तीला बोलावल्या. ‘बोलावल्या’ हेही चुकीचंच, कारण कंपनीची माणसं गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन गाड्या घेऊन आली, दुरुस्त केल्या, धुतल्या, टाकी भरली आणि परत नेऊन लावल्या. वीस दिवसांत हे सारं उरकलं. जन्मतःच बदनाम व्हायची वेळ आलेली कंपनी त्या वीस दिवसांत अमेरिकेच्या श्रीमंत वस्त्यांमध्ये शहाणी ठरली. लेक्ससला प्रतिष्ठा मिळवून देणारी ती धुतलेली गाडी आणि भरलेली टाकी होती, असं माझं मत आहे. मोटारीची ताकद काय, जर्मनांकडेही होती.

नाव न लपवता श्रीमंतांच्या पंगतीत बसायचा प्रयत्न फोक्सवॅगनने केला आणि तो इतका भव्य होता की त्याच्या फसण्याचीही भव्यताच आठवते. फोक्सवॅगन म्हणजे जनतेची गाडी. ‘बीटल’ ज्याच्या आराखड्यातून आली त्या फर्डिनांड पोर्शचा नातू फर्डिनांड पिएख कंपनीचा प्रमुख झाला आणि त्याने ठरवलं की मर्सिडीजच्या एस क्लासला तोडीस तोड गाडी फोक्सवॅगनच्याच नावाने काढायची. गाडीचं नाव ‘फेटन’. त्याने अभियंत्यांपुढे ज्या अटी ठेवल्या त्यांतली एक प्रसिद्ध आहे: बाहेर ५० अंश तापमान असताना गाडी दिवसभर ताशी ३०० किलोमीटरने पळाली पाहिजे आणि आत २२ अंशांचा गारवा हलता कामा नये. विकायच्या गाडीचा वेग मात्र २५० वर बांधलेला होता. म्हणजे जी गोष्ट कुठलंही गिऱ्हाईक कधीही करू शकणार नव्हतं तिच्यासाठी गाडी सिद्ध केली गेली.

कारखाना बांधला तो ड्रेस्डेन शहराच्या ऐन मध्यभागी, काचेच्या भिंतींचा. जमीन लाकडी, पॉलिश केलेली. सुटे भाग ट्रकने आणले तर शहरात गर्दी होईल म्हणून ते खास मालवाहू ट्रामने यायचे, शहराच्या नेहमीच्या ट्रामच्या रुळांवरून. गिऱ्हाइकाने यावं, काचेपलीकडे आपली गाडी जुळताना पाहावी, कॉफी घ्यावी. २००२ मध्ये गाडी आली. वर्षाला वीस हजार गाड्यांची उमेद होती. २०१६ मध्ये उत्पादन थांबलं तोवर चौदा वर्षांत मिळून सुमारे चौऱ्याऐंशी हजार झाल्या. अमेरिकेतून तर २००६ मध्येच माघार घेतली.

या गोष्टीतला सगळ्यात बोलका भाग वेगळाच आहे. बेंटले ही जुनी इंग्रज कंपनी तोवर फोक्सवॅगन समूहातच आली होती. फेटनचाच सांगाडा घेऊन बेंटलेने ‘कॉन्टिनेंटल जीटी’ काढली. वर्षाला हजारभर गाड्या विकणारी बेंटले २००७ पर्यंत दहा हजारांवर पोचली. हाडं तीच, बरंचसं पोटही तेच. फेटन कितीही उत्तम असली तरी ती उभी राहायची ती पोलो आणि गोल्फच्या शेजारी, त्याच छपराखाली, आणि तिच्या नाकावर तीच दोन अक्षरं होती जी शेजारच्या बिऱ्हाडकरूच्या गाडीवर असतात. आपल्या चाकणच्या कारखान्यातून पोलो बाहेर पडायला लागली २००९ च्या अखेरीस. फेटनही त्यानंतर काही काळ भारतात मिळत होती. चाकणच्या रस्त्यावर रोज जाणाऱ्यांनाही ती पाहिल्याचं आठवणार नाही.

ह्युंदाईला हे सगळे धडे वाचायला मिळाले होते, तरी निर्णय घ्यायला सात वर्षं गेली. २०१० मध्ये त्यांनी अमेरिकेत आणखी मोठी ‘इक्वस’ नेली. तिच्याबरोबर माहितीपुस्तकाऐवजी आयपॅड मिळायचा, जो तेव्हा नुकताच बाजारात आला होता. आणि सर्व्हिसिंगसाठी शोरूमचा माणूस घरी येऊन गाडी न्यायचा, बदली गाडी ठेवून जायचा. लोकांना वाटलं, काय ही खातिरदारी! माझ्या मते ती खातिरदारी कमी आणि सावधगिरी जास्त होती. साठ हजार डॉलरची गाडी घेणारा माणूस ह्युंदाईच्या सर्व्हिस सेंटरमध्ये आला, तर तिथे त्याच्या शेजारच्या खुर्चीवर जुन्या अ‍ॅक्सेंटचं ब्रेक लायनर बदलायला आलेला विद्यार्थी बसलेला असणार. श्रीमंत गिऱ्हाईक शोरूममध्ये येऊच नये, हीच त्यातली युक्ती.

अखेर ४ नोव्हेंबर २०१५ रोजी सोलमध्ये जेनेसिस हा स्वतंत्र ब्रँड जाहीर झाला. मागे होता चुंग उई-सन, संस्थापकांचा नातू. माणसं गोळा करायला सुरुवात आधीच झाली होती: ऑडीचा पीटर श्रायर २००६ पासून समूहात, बीएमडब्ल्यूच्या एम विभागातला आल्बर्ट बिअरमन २०१५ मध्ये, बेंटलेतून लुक डोंकरवोल्के. कोरियात गाडी घडवता येत होती, युरोपातून चव आयात केली गेली. श्रीमंतांच्या दुनियेत याला कुणी नावं ठेवत नाही. आपल्याकडचे नवश्रीमंतही घरासाठी आर्किटेक्ट मुंबईचाच आणतात.

खरी फजिती झाली ती काउंटरवर. अमेरिकेत गाडी बनवणाऱ्या कंपनीने सरळ गिऱ्हाइकाला विकायची म्हटली तर बहुतेक राज्यांत कायदा आडवा येतो. डीलर मधे लागतोच आणि त्याचे हक्क कायद्याने राखलेले आहेत. सुरुवातीला जेनेसिस गाड्या ह्युंदाईच्याच निवडक डीलरांकडे, एका कोपऱ्यात उभ्या राहायच्या. २०१८ च्या आरंभी कंपनीने ठरवलं की आता थोडेच, साधारण शंभर डीलर ठेवायचे आणि शोरूम वेगळी करायची. ज्यांना वगळलं जाणार होतं ते चवताळले. त्यांनी इतकी वर्षं एक्सेलच्या नावाने शिव्या खाल्ल्या, गाड्या परत घेतल्या, तोटा सोसला आणि आता मलईची वेळ आली तर त्यांना दाराबाहेर काढणार? माझी सहानुभूती डीलरांकडे आहे. चार-पाच महिन्यांत कंपनीला पाऊल मागे घ्यावं लागलं आणि ह्युंदाईच्या सगळ्याच डीलरांना दार उघडं केलं. त्यातच जेनेसिस वेगळा ब्रँड म्हणून प्रत्येक राज्यातून नवा परवाना काढायचा होता. परवाने रखडले, गाड्या गोदामात राहिल्या. २०१७ मध्ये वीस हजारांवर असलेली विक्री २०१८ मध्ये जवळपास निम्मी झाली. गंमत अशी की त्याच वर्षी जे. डी. पॉवरच्या दर्जा-पाहणीत जेनेसिस सगळ्या ब्रँडमध्ये पहिली आली होती. गाडी पहिल्या नंबरची आणि विकायला दुकान नाही.

२०२० मध्ये ‘जीव्ही८०’ ही उंच, एसयूव्ही घाटाची गाडी आली आणि घडी बसली. फेब्रुवारी २०२१ मध्ये टायगर वुड्सचा लॉस एंजेलिसजवळ अपघात झाला तेव्हा तो हीच गाडी चालवत होता. गाडी उताराला उलटली, पुढचा भाग चेपला, पण आतली जागा बरीचशी शाबूत राहिली आणि तो वाचला. ज्यांनी हे नाव कधी ऐकलं नव्हतं त्यांनी ते बातम्यांत ऐकलं. जाहिरात म्हणून असा प्रसंग कुणी मागणार नाही, पण नाव घरोघर गेलं ते त्यामुळे. २०२४ मध्ये अमेरिकेतली विक्री पंचाहत्तर हजारांवर पोचली. लेक्सस तिथे साडेतीन लाखांच्या घरात विकते, हेही लक्षात ठेवलेलं बरं.

युरोप आणि चीनमध्ये मात्र अजून डाळ शिजलेली नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये जेनेसिसच्या एकूण दहा लाख गाड्या पूर्ण झाल्या, त्यांतल्या जवळजवळ सात लाख कोरियातच विकल्या गेल्या होत्या. घरच्या माणसांनी उचलून धरलेलं हे प्रकरण आहे. कोरियात मोठी काळी गाडी बहुधा कंपनीच्या नावावर असते आणि मागच्या सीटवर साहेब असतात. सरकारने २०२४ पासून कंपनीच्या नावावर घेतलेल्या आठ कोटी वॉनवरच्या गाड्यांना फिकट हिरवी नंबर प्लेट सक्तीची केली. उद्देश एवढाच की कंपनीच्या पैशांवर घरची मंडळी फिरत असतील तर जगाला दिसावं. अशा महागड्या गाड्यांची कंपन्यांच्या नावाने होणारी नोंदणी त्यानंतर लगेच घटली. चैनीच्या गाडीत निम्मा माल पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असतो हे सिद्ध करायला याहून स्वस्त प्रयोग कुणाला सुचला नसता.

आता आपल्याकडे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ह्युंदाईच्या भारतीय कंपनीने जाहीर केलं की २०२७ पर्यंत जेनेसिस भारतात येणार, आणि गाड्या इथेच जुळवल्या जाणार. अमेरिकेतला सगळा अनुभव इथे कामाला येईल असं कुणाला वाटत असेल, तर त्याने आधी पुण्या-मुंबईत ह्युंदाईबद्दल लोक काय बोलतात ते ऐकावं. इथे ह्युंदाईला कुणी हसत नाही. १९९८ मध्ये ‘सँट्रो’ आली तेव्हा तिचं डोकं उंच म्हणून चेष्टा झाली, पण शाहरुख खानच्या जाहिरातीने ती चेष्टा बंद पाडली. मराठी मध्यमवर्गात मारुती आठशे विकून सँट्रो घेणं ही पुढची पायरी होती. पुढे आय-१०, आय-२०, क्रेटा. ज्या कुटुंबात सासऱ्यांची सँट्रो होती तिथे जावयाची क्रेटा आहे. एक्सेल आपल्याकडे आलीच नाही, त्यामुळे तिची लाजही आली नाही. इथे ह्युंदाईचं नाव झाकायचं कारण नाही.

तरी तिच्या महागड्या गाड्या इथे चालल्या नाहीत. सोनाटा, टेराकन, सांताफे, एलांट्रा, एकेक येऊन गेली. जुन्या गाड्यांच्या बाजारात सांताफेचा विषय काढला तर ऐकू येतं ते एकच: गाडी अव्वल होती, पण तेवढे पैसे मोजायचे तर गिऱ्हाईक फॉर्च्युनर घेणार. इथे एक मजेशीर उलटापालट आहे. अमेरिकेत ज्या टोयोटाला श्रीमंतांसाठी वेगळं नाव घ्यावं लागलं, तिचीच पांढरी फॉर्च्युनर महाराष्ट्रात जिल्हा परिषदेपासून मंत्रालयापर्यंत सत्तेचा गणवेश आहे. लेक्सस भारतात आली २०१७ मध्ये. तालुक्याच्या गावात लेक्सस उभी केली तर लोक ही कुठली गाडी म्हणून विचारतील, फॉर्च्युनर आली तर खुर्ची पुढे करतील. म्हणजे प्रतिष्ठेला किंमत लागते खरी, पण ती प्रतिष्ठा कुणाच्या अंगणात मोजायची तेही ठरलेलं असतं.

२०१० च्या ऑक्टोबरात तेव्हाच्या औरंगाबादेत एका दिवशी दीडशे मर्सिडीज गाड्या गिऱ्हाइकांच्या ताब्यात दिल्या गेल्या. तिथल्या उद्योजक, डॉक्टर, व्यावसायिकांनी एकत्र येऊन केलेली ती खरेदी होती, सुमारे पासष्ट कोटींची, स्टेट बँकेच्या कर्जासह. आमचं शहर मागासलेलं नाही हे देशाला दाखवायचं होतं आणि ते दाखवून झालं. देशभर बातम्या झळकल्या. त्या दिवशी दीडशे इक्वस घेतल्या असत्या तर? बसायला जागा जास्त मिळाली असती आणि बातमी एका ओळीचीही झाली नसती. तीन टोकांचा तारा कुणाला समजावून सांगावा लागत नाही. जेनेसिसचे पंख भारतात सांगावे लागतील आणि सांगायला लागलं की निम्मी मजा गेली.

मारुतीने हा घाट आपल्या पद्धतीने चढून पाहिला. २०११ मध्ये ‘किझाशी’ आणली, चांगली गाडी, किंमत सोळा लाखांच्या पुढे, आणि सपशेल आपटली. गिऱ्हाइकाने गाडीला नव्हे, मारुतीला सोळा लाख द्यायला नकार दिला. मग २०१५ मध्ये ‘नेक्सा’. गाड्या त्याच कारखान्यांतल्या, पण दुकान वेगळं, काळंपांढरं, गार, हलक्या आवाजातलं. तिथल्या पोराला ‘मालक, ॲव्हरेज किती देते?’ असं विचारताना आपलाच आवाज मोठा वाटतो. नेक्साने चैनीचा दावा केलाच नाही, फक्त दोन पायऱ्या वर नेलं, आणि म्हणूनच ते जमलं. टाटांनी तर चढण्याच्या भानगडीतच न पडता शिखर विकत घेतलं. जानेवारी २००८ मध्ये लाखाची नॅनो दाखवली आणि त्याच वर्षी जूनमध्ये फोर्डकडून जॅग्वार लँड रोव्हर २.३ अब्ज डॉलरला उचलली. जॅग्वारवर टाटांचं नाव लावायचा विचारही त्यांनी केला नाही. ती अक्कल फोक्सवॅगनकडे असती तर ड्रेस्डेनच्या लाकडी जमिनीचा खर्च वाचला असता.

भारतातला चैनीच्या गाड्यांचा बाजार तसा बेताचाच. वर्षाला त्रेचाळीस लाखांच्या आसपास गाड्या खपतात, त्यांत या वर्गातल्या पन्नास हजारांच्या आगेमागे. २०२४ मध्ये मर्सिडीजने १९,५६५ विकल्या. सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी आणि उपकर मिळून होणारा पन्नास टक्क्यांपर्यंतचा बोजा चाळीसवर आला, त्याचा फायदा सगळ्यांनाच. मर्सिडीज तर १९९५ पासून पुण्यातच जुळते, आधी पिंपरीत टेल्कोच्या आवारात, मग चाकणला. म्हणजे पुण्याच्या पट्ट्यात एस क्लास जुळवलेले हात आहेत, त्यांना शिकवणारे आहेत, सुटे भाग देणारे आहेत. ह्युंदाईनेही २०२३ मध्ये जनरल मोटर्सचा बंद पडलेला तळेगावचा कारखाना घेण्याचा करार केला. शेवटची शेव्हरोले डिसेंबर २०२० मध्ये तिथून बाहेर पडली होती. मधे एका चिनी कंपनीशी व्यवहार ठरला आणि परवानग्यांअभावी बारगळला. आता तिथे नवी ‘व्हेन्यू’ तयार होते.

गाडी चांगली असेल, यात मला शंका नाही. किंमत जर्मनांपेक्षा कमी ठेवतील, तेही उघड आहे. प्रश्न सांगलीचा आहे. सांगलीतला द्राक्षबागायतदार किंवा सराफ आज मर्सिडीज घेतो तेव्हा मोठ्या सर्व्हिसिंगसाठी कोल्हापूर-पुण्याची खेप गृहीत धरतो. ह्युंदाईचं सर्व्हिस सेंटर त्याच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे, आणि जेनेसिस घ्यायचं त्याच्यासाठी तेच सगळ्यात मोठं कारण असू शकतं. जर्मनांकडे नाही असा एकच हुकमाचा पत्ता ह्युंदाईच्या हातात आहे. पण तो टाकायचा तर ऐंशी लाखांची गाडी त्याच वर्कशॉपमध्ये, त्याच लिफ्टवर चढवावी लागेल जिथून आत्ताच ओला-उबरची पांढरी ऑरा उतरली. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर तोच, जॉब कार्ड तेच, बाहेरच्या खोलीतला टीव्ही तोच. वेगळं वर्कशॉप बांधायचं तर पुणे-मुंबईपुरतं परवडेल, सांगलीला नाही; आणि सांगलीला नसेल तर सांगलीकराने मर्सिडीज का सोडावी? अमेरिकेतल्या डीलरांनी जो पेच २०१८ मध्ये टाकला तोच इथे मिरज रोडवर उभा राहणार आहे, फक्त शनिवारी सकाळी, सगळ्या गाड्या एकदम सर्व्हिसिंगला येतात तेव्हा.